लहानू मास्तरांचं घर

लहानू मास्तर फळ्याच्या फक्त खालच्या अर्ध्या भागावर लिहीत. वरचा अर्धा भाग वर्षभर कोरा राही.

मी जव्हारच्या त्या शाळेत दुय्यम मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा पहिल्याच दिवशी ही गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. मी नाशिकचा, बावीस वर्षांचा, ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. फळ्याचा उपयोग कसा करावा यावर आम्हाला तिथं एक अख्खा धडा होता. आणि हे चांगले उंच गृहस्थ, धोतर सावरत, गुडघ्यात वाकून, जमिनीपासून दोन हातांवर अक्षरं काढत होते. मला वाटलं, पाठीचं काही दुखणं असेल. दोन-तीन दिवसांनी मीच शहाणपणा करून म्हटलं, "मास्तर, वर लिहिलंत तर मागच्या पोरांनाही दिसेल."

"दिसेल," ते म्हणाले, "पण हात वर न्यावा लागतो."

मला काही कळलं नाही. त्यांनी डोळ्यांनीच कोपऱ्यातल्या एका पोराकडं खूण केली. मग सावकाश, फळा पुसायचं निमित्त करून, हात खांद्याच्या वर नेला. कोपऱ्यातल्या त्या पोरानं डोकं दोन्ही हातांत लपवलं. बाकीची पोरं पाढे म्हणत होती. त्याचं तोंडही चालूच होतं, पण हात डोक्यावर.

"असे तीन आहेत," मास्तर हात खाली आणत म्हणाले. "मागच्यांना पुढं बसवू. त्यात काय!"

त्या दिवसापासून मीही वाकून लिहू लागलो. ट्रेनिंग कॉलेजानं मला पुष्कळ शिकवलं होतं. हे शिकवलं नव्हतं.

लहानू मास्तर तिथलेच. महादेव कोळ्यांच्या एका लहानशा पाड्यातले, आणि त्या पाड्यात अक्षर शिकलेला पहिला माणूस. संस्थानच्या गावात शाळा होती, पण पाडा दहा कोसांवर. म्हणून शिकायच्या दिवसांत ते धर्मशाळेच्या ओट्यावर झोपत. कुणी हाकललं की देवळात, देवळातून हाकललं की झाडाखाली. एकदाच, फार आग्रह केल्यावर, त्यांनी मला हे सांगितलं होतं आणि लगेच विषय बदलला होता. पण त्यांचं एक वाक्य मी पुष्कळदा ऐकलं. कुणी विचारलं की, मास्तर, शाळा आहे ना, मग ही घरात पोरं भरायची भानगड कशाला? ते म्हणत, "पोराला दिवस द्यायचा आणि रात्र द्यायची नाही, हे कसं?"

मानमोडीच्या साथीनं पाडेच्या पाडे ओस पडले, तेव्हा ही भानगड सुरू झाली. कुठल्याशा पाड्यात दोन भावंडं तेवढी जिवंत राहिली होती. मास्तर ती घेऊन आले आणि बायकोला म्हणाले, "आठ दिवस राहतील." मी गेलो तेव्हा त्या आठ दिवसांना दोन वर्षं झाली होती आणि दोनाची अकरा पोरं झाली होती. भागीवहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, मला हसून म्हणाली, "भाऊजी, यांचा आठवडा लय लांब असतो."

शाळेच्या मागंच ते घर. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, सारवलेली जमीन, आणि मागं उतारावर वहिनीचं नागलीचं शेत. घरात पाहण्यासारखं काही नव्हतं. फक्त दाराची कडी विचित्र जागी होती. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागेल इतकी खाली, आणि आतल्या बाजूला. सगळ्यांत लहान पोरालाही ती लावता यावी आणि काढता यावी म्हणून मास्तरांनी स्वतः ती बसवली होती. बाहेरच्या बाजूला कडी नव्हतीच. घराला कुलूप कसं लावता, असं मी विचारलं, तर म्हणाले, "कुलूप लावायचं म्हणजे आत कुणी नको ना!"

आणि ते खोकत. स्वतःच्याच घरी येताना वीस पावलांवरून मोठ्यांदा खोकत, मग काहीतरी गुणगुणत, मग चपला आपटत, आणि मग दारात उभे राहत. गळ्याला काही झालं नव्हतं. अचानक दारात माणूस उभा राहिला की काही पोरं भिंतीला चिकटत, म्हणून हा सगळा बोभाटा. वहिनी म्हणे, "देवीच्या पालखीला एवढं वाजंत्री नसतंय."

त्यांच्याबरोबर राहून काही गोष्टी मला सवयीच्या झाल्या. नव्या पोराला ते कधी नाव विचारत नसत. आधी जेवायला वाढत. मग झोपायची जागा दाखवत. नाव दोन दिवसांनी आपोआप कळे. "पोर रडतंय तोवर काळजी नाही," ते म्हणत, "गप्प झालं की जवळ बसावं." आणि ते बसत. बोलत काही नसत. दोरी वळत, टोपलीचा तुटलेला काठ विणत, पण शेजारी बसून असत. अनाथ हा शब्द त्यांच्यापुढं उच्चारायची सोय नव्हती. एका सज्जन व्यापाऱ्यानं कपड्यांचं गाठोडं आणलं आणि "आपल्या अनाथ बालकांसाठी" असं म्हणाला, तर मास्तरांनी गाठोडं घेतलं, आभार मानले आणि म्हणाले, "भूक लागली तर हाक मारायला यांना माणूस आहे, शेट. ती अनाथ कशी?"

त्यांच्यात खोडही होती. एखाद्या पोराचा खरा मामा किंवा चुलता शोधत यायचा, चांगला माणूस असायचा, पोरही त्याच्या गळ्यात पडायचं. मास्तरांनी आनंद मानायचा की नाही? ते चिडचिडे होत. जेवणावर राग काढत, शाळेत माझ्या अक्षरांतले काने मोजत. मग महिन्याभरानं "जरा बांबू बघून येतो" म्हणून निघत आणि चार दिवसांनी बांबूशिवाय परत येत. वहिनी विचारे, "पोरगा बरा हाय?" ते म्हणत, "जाड झालाय." मग त्यांचा राग जाई.

शिकवण्यात त्यांची एक तऱ्हा होती. पाड्यावरच्या पोरांची घरची बोली वेगळी. पुस्तकातली मराठी त्यांना परक्या गावच्या पाहुण्यासारखी वाटे. मास्तर पहिल्या इयत्तेला सगळं त्या बोलीतच शिकवीत आणि पुस्तकी शब्द हळूहळू आत सोडत. अक्षरंसुद्धा त्यांनी आपल्या मनाची केली होती. 'क' करवंदाचा, 'न' नागलीचा, 'म' मोहाचा.

एकदा शाळा तपासायला एक मोठे गृहस्थ आले. डोक्यावर पगडी, हातात चांदीच्या मुठीची काठी. त्यांनी खुर्चीवर बसून पहिल्या रांगेतल्या एका चिमुरड्याकडं पाहिलं. त्या बोलीत 'तुम्ही' नाहीच. राजा असो की गुराखी, सगळ्यांना 'तू'. पोरानं पाहुण्यांना आपुलकीनं विचारलं, "तू कठून आलास? जेवलास का नाय?"

मी घामाघूम झालो. साहेबांचा चेहरा लाल झाला. पण ते सावरले आणि दुसऱ्या पोराला म्हणाले, "'म' कशाचा?"

"मोहाचा!" सगळा वर्ग ओरडला.

"मोह?" साहेब मास्तरांकडं वळले. "इतक्या लहान मुलांना माया, मोह, हे काय शिकवता?"

"झाड आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "दारात आहे. चैत्रात फुलं पडतात."

साहेबांनी मग पुस्तकातली भाषा, शुद्ध उच्चार, याविषयी बरंच सुनावलं. मास्तरांनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "साहेब, पोर आधी उंबऱ्याच्या आत येऊ दे. पाय पुसायला मग सांगू."

साहेब पोरांकडं वळले. तास-दीड तास त्यांनी पोरांना गणितं घातली, गोष्टी सांगायला लावल्या. जाताना शेरा लिहून गेले. भाषा अशुद्ध, समज उत्तम. मास्तरांनी तो मला दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "पहिला शेरा माझा, दुसरा पोरांचा. वाटणी ठीक झाली."

आता जनीची गोष्ट सांगतो. मास्तर कोण होते ते मला त्या वेळी खरं कळलं, आणि मी कोण होतो तेही.

खोडाळ्याच्या पलीकडच्या एका पाड्यात त्या पावसाळ्यात तापानं तीन लेकरं गेली. भगतानं तांदूळ टाकून पाहिले आणि एका विधवेचं नाव घेतलं. ही भुताळी आहे, हिनंच लेकरं खाल्ली. बाईला मारून पाड्याबाहेर काढलं. ती रानात कुठंतरी मेली. तिची पोरगी, आठ-नऊ वर्षांची, तिला कुणी मारलं नाही आणि कुणी घरातही घेतलं नाही. खळ्याच्या कडेला बसून होती. बाजाराला आलेल्या माणसाकडून हे मास्तरांना कळलं. वर्ग माझ्यावर सोपवून ते निघाले आणि पाचव्या दिवशी तिला घेऊन आले. ती बोलत नव्हती. नाव जनी, एवढं त्या माणसानंच सांगितलं होतं.

ती आली त्याच आठवड्यात आमच्या शाळेतली दोन पोरं हिवतापानं पडली. भादव्यात कोण पडत नाही? पण भुताळीची पोर आली आणि ताप आला, एवढं लोकांना पुरे होतं. पोरं गळू लागली. बेचाळीसची नऊ उरली, त्यातही मास्तरांच्या घरातली, शाळेच्या वयाचीच जास्त. पटावर पोरं नसतील तर शाळा राहणार कशी? मी घाबरलो. नोकरी नवी होती, घरी म्हातारी आई होती. एका संध्याकाळी मी मास्तरांना म्हटलं, "नाशिकला माझ्या ओळखीचं एक घर आहे. भली माणसं आहेत. जनीला तिकडं ठेवू. तिलाही बरं, शाळेलाही बरं."

ते दोरी वळत होते. हात थांबले नाहीत.

"तिला काय सांगायचं, केशवराव? इथूनही हाकललं म्हणून?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर शाळेच्या ओट्यावर, बाजाराच्या वाटेकडं तोंड करून बसले. जनीला हाक मारली आणि पाणी आणायला सांगितलं. तिनं तांब्या आणला. जाणारी-येणारी माणसं थबकली. मास्तरांनी तिच्या हातातून तांब्या घेतला आणि सावकाश, घोट घोट करून, सगळ्यांच्या देखत रिकामा केला. "गोड पाणी," म्हणाले आणि वर्गात गेले. तिसऱ्या दिवशीही हेच, दहाव्या दिवशीही हेच. वाटेवरचे लोक हळूहळू थांबेनासे झाले. एका म्हाताऱ्यानं तर "राम राम मास्तर" म्हटलं. मला वाटलं, जिंकलं.

बाराव्या दिवशी मास्तरांना हुडहुडी भरली.

दुपारपर्यंत ही बातमी पाड्यापाड्यांत गेली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवर तीस-चाळीस माणसं उभी. कुणी ओरडत नव्हतं, दगड नव्हते. नुसती बघत होती. मास्तर दोन घोंगड्यांखाली थडथडत होते. लोक जमल्याची चाहूल लागताच ते उठले, भिंत धरून शाळेच्या दारापर्यंत आले आणि तिथंच बसले.

"केशवराव," दात वाजत होते, शब्द नीट येत नव्हता, "आज तुम्ही."

मी ओट्यावर जाऊन बसलो. इथं खोटं लिहून काय उपयोग? मी शिकलेला माणूस. भुताळी-बिताळी काही नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी जनी तांब्या घेऊन समोर आली तेव्हा माझा हात मांडीवरून उचलेना. तीस-चाळीस माणसं माझ्या हाताकडं पाहत होती. मागं मास्तरांचे दात वाजत होते.

आणि मग जनी बोलली. दीड महिन्यात पहिल्यांदा. इतक्या हळू की फक्त मलाच ऐकू आलं.

"नको पेव," ती म्हणाली. "मरशी."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती मला खरोखर सावध करत होती. लोक म्हणत होते ते तिलाही खरं वाटत होतं.

मी तांब्या घेतला आणि प्यायलो. शौर्यानं नाही. त्या पोरीसमोर तो तांब्या खाली ठेवायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून प्यायलो. मग तिचा हात धरून तिला आत घेऊन गेलो.

हिवतापावरचं कोयनेल घेऊन मास्तर आठ दिवसांत उठून बसले. तेव्हा मी त्यांना जनी काय बोलली ते सांगितलं. मला वाटलं होतं, ती बोलली म्हणून त्यांना आनंद होईल. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे बारा दिवस," ते म्हणाले, "रोज सकाळी मी तिच्या हातून मरण मागून घेतोय असं तिला वाटत होतं. आणि मी म्हणत होतो, आण."

"तुम्ही तिच्यासाठीच केलंत, मास्तर."

"नाही. मी लोकांना दाखवत होतो. पोरीचा हात वापरला मी."

ते उठले. अंगात त्राण नव्हतं, तरी उतारावर वहिनीबरोबर नागली निंदत असलेल्या जनीजवळ गेले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांच्या बोलीत ते तिच्याशी बोलले. मी लांब होतो, पण वहिनीनं पुढं मला सांगितलं. "माझं चुकलं," मास्तर म्हणाले होते. "आता तुना वाटलं तर पाणी दे, नाय तर नको देव. कुणी सांगायचा नाय." मोठ्या माणसानं लहान पोरीपाशी चूक कबूल केल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही फारसं पाहिलं नाही.

ओट्यावरचं पाणी पिणं बंद झालं. वर्गात आम्ही नऊ पोरांना शिकवत राहिलो. असे पंधरा-वीस दिवस गेले. मग एका दुपारी वहिनी उन्हातून भारा घेऊन आली आणि जनी आपणहून उठली. कुणी हाक मारली नव्हती. तिनं तांब्या भरला, वहिनीपुढं धरला आणि वहिनी पिऊन होईपर्यंत तिच्या तोंडाकडं टक लावून उभी राहिली. वहिनीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अजून दे." मास्तर आत दोरी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही. दोरी मात्र सगळी उलटी वळली गेली.

गेलेल्या पोरांतून पहिला परत आला तो किसन. जामसरच्या वाटेवरच्या पाड्यातला. त्याची आई त्याचं मनगट धरून ओढतच घेऊन आली. "मास्तर, याला घे," ती म्हणाली. "घरी ऱ्हाऊन ढोरासारा झाला. अक्षर आल्यालं, ते बी इसरला." मग ओट्यावर टेकली, कपाळाचा घाम पुसला आणि आत पाहून म्हणाली, "पोरी, पानी दे गं. लांबून आलू."

त्या बाईनं ते मुद्दाम केलं की खरंच तहान लागली होती, हे मला आजही ठाऊक नाही. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "तहान लागली असेल. बरं झालं."

दिवाळीनंतर पट चाळीसवर गेला. जनी चार इयत्ता शिकली, सगळ्यांत सुबक अक्षर तिचं. पुढं तिचं लग्न जामसरला झालं आणि तिथं ती सुईणपण शिकली. ज्या हातचं पाणी लोक घेत नव्हते, त्याच हातांत पाड्यांतल्या बाया आपली लेकरं जन्माला घालू लागल्या. मास्तरांना याचा अभिमान होता. दर बाळंतपणाची बातमी ते मला पत्रानं कळवीत. माझी तोवर नाशिकला बदली झाली होती.

पंधरा-सोळा वर्षांनी, एका कामासाठी मी पुन्हा जव्हारला गेलो. मोटार सर्व्हिस सुरू झाली होती. आधी मास्तरांचं घर गाठावं म्हणून निघालो, तर गावाबाहेरच, शिरपामाळाच्या बाजूला, ते समोरून येताना दिसले. साठी उलटली होती. पाठ वाकली होती, पण चाल तीच, लांब ढांगांची. काखेत एक झबलं गुंडाळून घेतलेलं.

मी पाया पडलो. त्यांनी मला उठवलं, माझ्या पोराबाळांची चौकशी केली, पण पाय पुढंच ओढत होते.

"थांबता येणार नाही, केशवराव. मोखाड्याच्या वाटेवर एका झोपडीत पोर एकटं आहे म्हणून निरोप आलाय. दोन दिवस झाले."

"मुलगा की मुलगी?"

ते थबकले. काखेतल्या झबल्याकडं पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. "अरे, हे विचारायचं राहिलंच! तुम्ही घरी जा. भागीला सांगा, एक ताट जास्त." आणि निघालेसुद्धा.

मी घरी गेलो. वहिनी पार पांढरी झाली होती. घरात सहा-सात पोरं होती, सगळी नवी, माझ्या ओळखीचं कुणी नाही. मी निरोप सांगितला. ती म्हणाली, "ताट कालच घासून ठेवलंय." तिनं मला पोटभर जेवू घातलं. गावातलं काम उरकून मास्तरांची वाट पाहिली, पण दुपारची मोटार चुकवून चालणार नव्हतं.

मोटार मोखाड्याच्या बाजूनं घाट उतरत होती. एका वळणावर खाली दरीपलीकडच्या उतारावर मला एक माणूस दिसला. कापलेल्या भातखाचरांच्या बांधावरून तो सावकाश, पाऊल जपून चालत होता. खांद्यावर काहीतरी होतं. मी डोळ्यांवर हात धरला. पोर होतं. दोन्ही हातांनी त्यानं मास्तरांचं डोकं घट्ट धरलं होतं आणि झबलं त्याला फार मोठं झालं होतं.

मी ड्रायव्हरला हाक मारली, पण उतारावर तो मोटार थांबवेना. मी काचेबाहेर डोकं काढून, वळण येईपर्यंत पाहत राहिलो. इतक्या लांबून तो मुलगा होता की मुलगी, ते काही कळलं नाही.